सोफीबाईंच्या पद्धतीने उशीचा अभ्रा : आधी कापड बघा, मग डिझाइन

एखादं अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्र आवडलं की आपण काय करतो, त्याचा फोटो घेतो आणि उशीवर छापून आणतो. मी पण केलंय हे, आणि घरी आणून उशी भरली तेव्हा मधला भाग सुजल्यासारखा दिसायला लागला, कोपऱ्यातले रंग शिवणीत गेले आणि उशी कोणी उलटी ठेवली की सगळं चित्रच डोक्यावर उभं. दोष छापणाऱ्याचा नव्हता, चित्र भिंतीसाठी केलेलं होतं आणि मी ते बुडाखाली घेण्याच्या वस्तूवर चढवलं होतं. त्यानंतर सोफी टॉयबर-आर्प या स्विस कलाकार बाईंचं काम नीट बघितलं, आणि डोक्यात प्रकाश पडला की आपण उलट्या टोकाने सुरुवात करतोय.

बाई म्हणतेय ते मुद्दाम, कारण त्या खरंच शाळेत बाई होत्या. जन्म १८८९, स्वित्झर्लंडमधलं डावोस. शिक्षण आधी सेंट गॅलनला, जे भरतकामासाठी आणि लेससाठी जगभर नाव असलेलं गाव, मग म्युनिक आणि हॅम्बुर्ग. १९१६ पासून १९२९ पर्यंत झुरिकच्या कलाकुसरीच्या शाळेत त्या भरतकाम आणि विणकाम शिकवत होत्या आणि घर त्या पगारावर चालायचं, कारण नवरा हान्स आर्प, पुढे मोठा शिल्पकार म्हणून गाजला तरी त्या काळात त्याची कमाई काही धड नव्हती. दिवसा शाळा आणि संध्याकाळी ‘दादा’ नावाच्या बंडखोर कलाचळवळीतल्या मंडळींच्या कार्यक्रमात नाच, तोही नोकरी जाऊ नये म्हणून मुखवटा घालून आणि नाव बदलून, असं सांगतात. १९९५ पासून स्विस ५० फ्रँकच्या हिरव्या नोटेवर त्यांचा चेहरा होता, ती मालिका नंतर बदलली.

पण आपल्याला इथे चरित्र नको, पद्धत हवीये. आणि पद्धत एका वाक्यात सांगायची तर कापडात उभे आणि आडवे धागे आधीपासूनच असतात, त्यावर पान-फूल काढायचं म्हणजे धाग्याशी भांडायचं, आणि उभं-आडवं काढायचं म्हणजे धागा जिकडे जातोय तिकडे त्याच्याबरोबर जायचं. १९१५-१६ च्या सुमाराला त्यांनी लोकरीत भरलेल्या उभ्या-आडव्या रचना बघा, त्यात नुसते चौकोन आणि पट्टे आहेत, कशाचंही चित्र नाही. युरोपात अमूर्त चित्रकला तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि बहुतेक लोक झाड किंवा गाय घेऊन ती हळूहळू सोपी करत करत चौकोनापर्यंत पोचत होते. या बाईंना ती यातायात करावी लागली नाही, चौकोन त्यांच्या हाताखालच्या कापडातच होता. माझ्या मते त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की त्यांची अमूर्त कला कापडातून निघाली, कापडावर नंतर चिकटवलेली नाही. आणि घरात करून बघायलाही हीच सगळ्यात सोपी.

तर आता आपण एक उशीचा अभ्रा करणार आहोत, फुलीच्या टाक्याने. त्यांच्या डिझाइनची कॉपी नाही, त्यांची पद्धत वापरून आपलं स्वतःचं.

सामान थोडकं आहे. मोजता येतील अशा चौकटी असलेलं कापड, म्हणजे मॅटी किंवा आयडा, इंचाला ११ चौकटी असलेलं घ्या. १४ वालं जास्त नाजूक दिसतं पण पहिल्याच वेळी कशाला, डोळे आणि धीर दोन्ही जातात. मॅटीत इंचाला किती चौकटी हे प्रत्येक ताग्यात वेगळं असतं, त्यामुळे पट्टी लावून स्वतः मोजा, आणि उभं आणि आडवं दोन्हीकडे मोजा, कारण काही कापडांत दोन्ही सारखं नसतं आणि मग तुमचा चौकोन आयत होऊन बसतो. सहा पदरी सुती दोरा, बोथट टोकाची सुई २२ नंबरची, चौकटीचा कागद, रंगीत कागद किंवा जुनी रंगीत मासिकं, कात्री, गोंद, कापड ताणून धरायची रिंग. बस.

आता पहिली पायरी, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. कागद घेऊ नका, उशी घ्या. भरलेली उशी समोर ठेवा आणि तिच्याकडे जरा वेळ बघा. १६ इंची उशी असेल तर सपाट दिसणारा भाग मधला, कडेचे तीन-चार इंच मागे वळतात. म्हणून भरतकामाचा तुकडा मध्ये ८ इंच बाय ८ इंच पुरे, चारी बाजूंनी ४-४ इंच कापड मोकळं. ते मोकळं कापड वाया गेलं असं समजू नका, तोही एक रंग आहे आणि डिझाइनमध्ये त्याला धरायचं. ११ चौकटीच्या कापडावर ८ इंच म्हणजे ८८ चौकटी, म्हणजे ८८ गुणिले ८८, ७,७४४ फुल्या. तासाला १०० फुल्या धरल्या तर ७७ तास होतात, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर शिव्या नकोत. पूर्ण अभ्रा भरायचा हट्ट केलात तर हे चौपट.

मग कागद. आता ८८ चौकटींचा एक चौकोन आखा, आणि खरी गंमत इथून पुढे आहे त्यामुळे इथे वेळ घालवा, एक संध्याकाळ नाही, तीन-चार संध्याकाळी.

नवख्या माणसाचा हात आपोआप सारखे भाग करतो. ८८ चे ८ भाग, प्रत्येकी ११, झाला बुद्धिबळाचा पट. त्यात वाईट काही नाही पण डोळा एकदा बघतो आणि निघून जातो. सोफीबाईंच्या रचना बघताना मला जाणवतं ते हे की चौकट शिस्तीची आहे पण भाग सारखे नाहीत, रुंद पट्ट्याशेजारी एकदम अरुंद पट्टा येतो, मोठा चौकोन शांत बसलेला असतो आणि त्याच्या काठावर एखादा छोटा तुकडा खेळत असतो. त्या नाचाच्या क्लासला जात होत्या, रुडॉल्फ फॉन लाबान यांच्याकडे, आणि मला उगाच वाटतं की तो ठेका इथे उतरलाय. लांब, आखूड, लांब, थांब. हे माझं आपलं मत.

करायचं असं. आधी नुसत्या उभ्या रेषा. ८८ चे सहा असमान पट्टे करा, समजा १४, ९, २२, ६, १७, २०. बेरीज करून बघा, ८८ आलीच पाहिजे, मी एकदा ८७ वर काम सुरू केलं होतं आणि शेवटच्या काठाला एक रांग मोकळी राहिली ती आठवडाभराने दिसली. मग प्रत्येक पट्टा आडवा तोडा, पण प्रत्येक पट्टा वेगळ्या ठिकाणी. पहिला पट्टा वरून ३०, १२, ४६ असा तोडलात तर दुसरा ३०, ३४, २४ असा तोडा. म्हणजे ३० वरची आडवी रेषा पहिल्या दोन पट्ट्यांत सलग जाईल आणि तिसऱ्यात तुटेल. हे तुटणं महत्त्वाचं. सगळ्या रेषा आरपार गेल्या तर खिडकीची जाळी होते, आणि एकही रेषा शेजाऱ्याला जोडली गेली नाही तर विटांचा ढीग होतो. दोन पट्टे जोडायचे, मग तोडायचं, पुढे दोन-तीन पट्ट्यांनंतर तीच उंची परत पकडायची, एवढंच. आरपार जाणारी आडवी रेषा पूर्ण चौकोनात एखादीच ठेवा, आणि ती बरोबर मध्यावर नको.

असे निदान दहा कागद करा, रंगाशिवाय. बाईंनी आणि हान्स आर्प यांनी १९१८ मध्ये मिळून काही कागदी कोलाज केले होते, त्यात कात्रीसुद्धा न वापरता कागद कापायच्या यंत्राने कडा कापल्या, म्हणजे हाताची लकब, ती नागमोडी थरथर, कामात येऊच नये. हे करून बघण्यासारखं आहे. कटर आणि स्टीलची पट्टी घ्या, रंगीत कागदाचे पट्टे कापा, आणि चिकटवायच्या आधी नुसते सरकवत बसा. पेन्सिलीने काढलेली रेषा आपण हलवत नाही, जीव लागतो तिच्यात, पण सुटा तुकडा सहज सरकतो आणि सरकवता सरकवता जे सापडतं ते डोक्यात आधी नसतंच मुळी. गोंद सगळ्यात शेवटी, शक्यतो दुसऱ्या दिवशी.

रंगाचं काय. सहा रंग पुरे, त्यात एक काळा किंवा जवळपास काळा, एक कापडाच्या जवळ जाणारा फिका, आणि उरलेले चार. मोठ्या जागेला मवाळ रंग द्या, राखाडी, गेरूसारखा, फिका निळा असे, आणि भडक लाल किंवा पिवळा छोट्या तुकड्यांना. लाल रंगाचं असं आहे की त्याला थोडी जागा दिली तरी तो पूर्ण खोलीशी बोलतो, जास्त दिली तर बाकी कोणाला बोलू देत नाही. प्रत्येक रंग निदान तीनदा यायला हवा आणि तीनही वेळा वेगळ्या मापाचा, एकदा मोठा, एकदा मध्यम, एकदा एवढुसा. शेजारी शेजारी तोच रंग आला तर दोन तुकडे मिळून एक होतात आणि तुमची मेहनतीने तोडलेली रेषा गायब, पण कधी कधी हेच मुद्दाम करायचं, त्यातून इंग्रजी एल अक्षरासारखा आकार मिळतो आणि सगळ्या चौकोनांत तो एकच वेगळा बसतो.

एक युक्ती सांगते, मोबाईलने त्या कोलाजचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग काढल्यावर सगळं एकसारखं करडं दिसलं तर रंग कितीही सुंदर असू देत, लांबून ती उशी म्हणजे एक डाग आहे. गडद, मधला, फिका असे तीन थर फोटोत स्पष्ट दिसले पाहिजेत. माझे पहिले दोन्ही कागद इथे नापास झाले, लाल आणि हिरवा शेजारी घेतलेले, रंगीत बघताना भांडत होते आणि फोटोत जुळे भाऊ. आणि दोऱ्याचे रंग मोबाईलच्या स्क्रीनवर बघून ठरवू नका, लडी हातात घेऊन दिवसाच्या उजेडात दुसऱ्या लडीशेजारी ठेवून बघा.

आता वस्तूची परीक्षा. कागद उशीवर टाचणीने लावा. चारी बाजूंनी फिरवा, कारण उशीला वर-खाली नसतं, कोणीही कशीही फेकतं. एखाद्या बाजूला फिरवल्यावर सगळं वजन खाली घसरल्यासारखं वाटलं तर तिथला काळा तुकडा हलवा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. मग तिच्यावर बसा, उठा, परत बघा. हसू नका, ही परीक्षा मी उगाच काढलेली नाही. बाईंनी उश्या केल्या, मण्यांच्या पिशव्या केल्या, टेबलावरची कापडं केली, ती वापरायलाच. १९२२ मध्ये त्यांनी डिझाइन शिकवण्यावर एक लेख लिहिला, त्यात साधारण असा प्रश्न घेतलाय की जगात इतकी जास्त गरजेची कामं पडलेली असताना नक्षी आणि रंगांच्या जोड्या कशाला करत बसायचं, आणि उत्तराचा रोख असा की आपल्या वापरातली वस्तू सुंदर करावीशी वाटणं ही माणसाची फार जुनी, आतली ओढ आहे. १९२७ मध्ये ब्लांश गाउशा या बाईंबरोबर त्यांनी कापडाच्या धंद्यात शिकणाऱ्यांसाठी चित्रकला कशी शिकवायची याची मार्गदर्शिकाही काढली. म्हणजे आपण आत्ता जे करतोय ते एका अर्थी बाईंच्याच धंद्यातलं काम.

कागद पास झाला की चौकटीच्या कागदावर पक्का उतरवा, एक चौकट म्हणजे एक फुली, प्रत्येक तुकड्यात रुंदी आणि उंचीचा आकडा लिहा, म्हणजे भरताना मोजत बसायला नको.

दोरा किती लागेल ते विकत घ्यायच्या आधी काढा. ११ च्या कापडावर तीन पदर लागतात. एक चौरस इंच म्हणजे १२१ फुल्या. ८ मीटरची सहा पदरी लडी तीन-तीन पदरात सोडली की १६ मीटर होते, आणि टाके अडकवणं, टोकं, उसवणं हे सगळं धरून एका लडीत साधारण ९ चौरस इंच भरतात. प्रत्येक रंगाच्या चौकटी मोजा, १२१ ने भागा, मग ९ ने भागा, आणि येईल त्याच्यापेक्षा एक लडी जास्त आणा. आपले ६४ चौरस इंच आहेत म्हणजे सगळे रंग मिळून सात लड्यांच्या वर जातं, पण रंग सहा असल्यामुळे आणि प्रत्येकात थोडं उरणार असल्यामुळे प्रत्यक्षात नऊ-दहा आणाव्या लागतात. एक रंग वाचवायचा असेल तर फिक्या रंगाच्या जागा मोकळ्याच सोडा, कापडच दिसू द्या. हा कंजूषपणा नाही, छान दिसतं ते.

रंग सुटतोय का हेही आत्ताच बघायचं. लाल, काळा आणि गडद निळा यांचा वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या चिंधीत घडी घालून वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर गुलाबी उमटलं तर तो दोरा भरायच्या आधीच थंड पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मी एकदा हे केलं नाही आणि पन्नास तासांचं काम पहिल्या धुण्यात गुलाबी झालं, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

कापड २० इंच बाय २० इंच कापा, अभ्र्याचं माप शिवण धरून १७ होतं पण रिंगला धरायला आणि कडा सुटतात त्यासाठी जास्त लागतं. कडा आधीच वरवरच्या टाक्यांनी बांधून घ्या. दोन्हीकडून घडी घालून मध्य शोधा, आणि साध्या शिवायच्या दोऱ्याने दर १० चौकटींना एक उभा आणि एक आडवा कच्चा टाका टाका, पूर्ण ८८ वर. कंटाळवाणं काम आहे, एक तास जातो, पण तो एक तास नंतरचे दहा तास वाचवतो.

भरायला मध्यापासून सुरू करा. ज्या तुकड्यात मध्यबिंदू येतो तो तुकडा आधी पूर्ण, मग त्याला चिकटलेला, मग त्याला चिकटलेला. सगळ्या तुकड्यांच्या बाह्यरेषा आधी आणि पोट नंतर, असं करू नका, एका रेषेत एक चौकट चुकली तर सगळीकडे चुकत जाते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. चिकटून चिकटून गेलात तर पुढचा तुकडा बसलाच नाही की चूक लगेच तिथेच सापडते.

फुलीतला वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने, हे तर माहीतच असेल, पण अशा डिझाइनमध्ये ते शंभरपट जास्त महत्त्वाचं आहे. फुलापानांच्या कामात एखादी फुली उलटी पडली तर लपते, इथे लाल सपाट चौकोनात ती उजेडात लख्ख चमकते कारण दोऱ्याला तकाकी असते आणि दिशा बदलली की तकाकी बदलते. हेच मुद्दाम वापरायचं असेल तर एका अख्ख्या तुकड्याची दिशा उलटी करा, तोच रंग दोन छटांचा दिसतो. तीन पदर सुईत घालताना सहातून एक-एक पदर वेगळा ओढून मग तीन एकत्र करा, एकदम तीन ओढले तर पीळ राहतो आणि कापड आतून दिसतं. गाठ नको, सुरुवातीचं टोक मागे धरून त्याच्यावरून पहिले चार-पाच टाके न्या. काळा दोरा मोकळ्या कापडामागून ओढून न्यायचा नाही, समोरून सावली दिसते, तोडा आणि नवीन सुरू करा.

आणि अर्ध्या टाक्यावर भागवू नका. फुलीचा फक्त एक तिरका टाका घातला तर दोरा निम्मा लागतो खरा पण सगळे टाके एकाच बाजूला ओढतात आणि चौकोनी कापड हळूहळू तिरकं होतं. उभ्या-आडव्या डिझाइनला तिरकं कापड म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

संपलं की कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, आणि जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री. अभ्रा शिवताना मागच्या बाजूला एकरंगी कापड घ्या, डिझाइनमधला एखादा मवाळ रंग, आणि फुल्यांच्या मागे पातळ अस्तर लावा म्हणजे आतली उशी घासून दोरे सुटत नाहीत. शिवणी सरळ मारा बरं का, आतली प्रत्येक रेषा काठाला समांतर आहे त्यामुळे काठ पाव इंच जरी तिरका गेला तरी कळतो.

हे झालं भरतकाम. पण बाईंचं डोकं एका वस्तूवर थांबत नव्हतं. तेच उभं-आडवं घेऊन त्या मण्यांत गेल्या, लाकडात गेल्या, शेवटी अख्ख्या इमारतीत गेल्या. आणि प्रत्येक वेळी डिझाइन तसंच्या तसं उचललं नाही, नव्या मालाला विचारून बदललं. हे तुम्हालाही करायचं असेल तर थोडं बोलू.

विणकामात घ्यायचं असेल तर एक मोठा धोका आहे. सुयांवरचा साधा टाका चौकोनी नसतो, रुंद जास्त आणि उंच कमी असतो, समजा १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले तर ओळी ३० बसतात. म्हणून चौकटीच्या कागदावर केलेला चौकोन विणल्यावर चपटा होतो. आधी नमुन्याचा तुकडा विणा, मोजा, आणि त्या प्रमाणात ओळी वाढवा, २२ टाके रुंद चौकोनाला ३० ओळी. मण्यांचंही तेच, मणी चारी बाजूंनी सारखा नसतो त्यामुळे दहा बाय दहा मणी गुंफून पट्टीने मोजल्याशिवाय पिशवी सुरू करू नका.

लाकूड म्हटलं की त्यांच्या कळसूत्री बाहुल्या. १९१८ मध्ये झुरिकच्या बाहुल्यांच्या थिएटरसाठी त्यांनी एका जुन्या इटालियन नाटकाच्या नव्या रूपासाठी बाहुल्या केल्या. कातीव लाकडाचे शंकू, नळकांडी, गोळे, त्यावर भौमितिक रंग, आणि सांधे लपवलेले नाहीत, धातूच्या कड्या सरळ दिसतात. खेळ मात्र थोडेच झाले, त्या वर्षी फ्लूची साथ आली. त्यानंतरची दादा डोकी, रंगवलेली कातीव लाकडी डोकी, टोपी ठेवायच्या ठोकळ्यासारखी दिसतात. भरतकाम करणाऱ्याला यातून घेण्यासारखं म्हणजे सांधा लपवायचा नाही. अभ्र्याला चेन लावायची तर ती लपवत बसू नका, डिझाइनमधल्या एखाद्या रेषेच्या रंगाची घ्या आणि दिसू द्या.

आणि खोली. १९२६ ते १९२८ या काळात स्ट्रासबुर्गमधल्या ओबेत नावाच्या अठराव्या शतकातल्या इमारतीत करमणुकीचं मोठं संकुल उभं राहिलं, त्यातल्या सजावटीचं काम बाईंकडे आलं आणि त्यांनी हान्स आर्प आणि डच चित्रकार थिओ फान डूसबर्ग यांना बरोबर घेतलं. चहाच्या खोलीत भिंती आणि छत दोन्हीवर आयत पसरलेले, म्हणजे माणूस रचनेच्या आत बसून चहा पिणार. लोकांना ते फारसं पचलं नाही, दहा-एक वर्षांत सगळं झाकलं गेलं, आणि कित्येक दशकांनी परत उकरून काढून दुरुस्त केलं. पुढे पॅरिसजवळ क्लामारला १९२९ मध्ये बांधलेलं स्वतःचं घरसुद्धा त्यांनीच डिझाइन केलं, आतलं सामानही, कप्पे एकमेकांवर रचता येतील असं. घरात एखादी भिंत रंगवायची असेल तर ओबेतकडून एवढं घ्या, चौकोन भिंतीच्या मध्ये तसबिरीसारखा टांगू नका, दाराची उंची, खिडकीचा काठ, स्विचबोर्डची जागा या रेषा आधी पकडा आणि तिथूनच पट्टे काढा. भिंतीचा ताणा-बाणा तोच.

गोल मात्र कापडावर आणू नका, निदान फुलीच्या टाक्याने नको. ११ च्या कापडावर छोटा गोल म्हणजे पायऱ्यांचा जिना होतो. बाईंच्या १९३० नंतरच्या कामात गोल भरपूर आहेत, पण ते रंगवलेले किंवा लाकडातून कापलेले, जिथे कड गुळगुळीत येते. गोलाचीच हौस असेल तर वेगळ्या कापडाचा गोल कापून अ‍ॅप्लिक करा, सरळ चौकटीवर एकच गोल, मस्त दिसतो.

एक राहिलं. दोरा मधेच संपला आणि तोच रंग मिळालाच नाही तर घाबरून जवळची छटा शोधत बसू नका, ती कधीच जुळत नाही आणि कायम डोळ्यात खुपते. त्यापेक्षा तिथे एक रेषा टाकून तुकडा तोडा आणि पुढे सरळ दुसरा रंग घ्या. कागद परत उशीवर लावा, फिरवून बघा, बसतंय का बघा. चौकटीचा कागद फेकू नका, त्याच्यावर दोऱ्याचे नंबर, इंचाला चौकटी आणि प्रत्येक रंगाच्या किती लड्या लागल्या ते लिहून ठेवा आणि अभ्र्याच्या आत एक छोटी पट्टी शिवून तारीख टाका. जोडीची दुसरी उशी करायची असेल तर तोच कागद ९० अंशात फिरवा, गडद-फिके रंग अदलाबदल करा, आणि फोटो काढून परत बघा की ते तीन थर अजून दिसतायत ना.